अरण्यांचे कारभारी : सर डीट्रिख ब्रँडिस

ज्यांचीं नांवें इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत लढायांच्या व तहांच्या सनांबरोबर छापलेलीं असतात, त्यांचीं चरित्रें आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असतात. परंतु कोणतीहि लढाई न जिंकतां ज्यांनीं सबंध देशाच्या व्यवहारावर आपला ठसा ठेवला, अशा पुरुषांची ओळख त्यांस सहसा कोणी करून देत नाहीं. आपण ज्या बाकावर बसतों, ज्या दारांतून ये-जा करतों, तें सागवान कोठून आलें, तें तोडण्याची परवानगी कोणी दिली, आणि तोडलेल्या झाडाच्या जागीं दुसरें झाड उभें राहील कीं नाहीं याची काळजी कोणी वाहिली, हे प्रश्न विचार करणाऱ्या मुलाच्या मनांत यावे असे आहेत. साऱ्या हिंदुस्थानाकरितां या प्रश्नांचें पद्धतशीर उत्तर ज्यानें प्रथम दिलें तो गृहस्थ इंग्रज नव्हता. वनाधिकारी म्हणून शिक्षण घेतलेलाहि नव्हता. तो जर्मनींतील एका विद्यापीठांत वनस्पतिशास्त्र शिकविणारा एक तरुण अध्यापक होता. त्या सर डीट्रिख ब्रँडिस यांचें चरित्र आम्ही या अंकीं वाचकांपुढें ठेवीत आहों.

ब्रँडिस यांचा जन्म ३१ मार्च १८२४ रोजीं ऱ्हाईन नदीच्या कांठीं बॉन शहरांत झाला. त्यांचे वडील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक असून ॲरिस्टॉटलच्या ग्रंथांचे गाढे अभ्यासक म्हणून प्रसिद्ध होते. ग्रीसच्या ऑटो राजानें त्यांस सल्लागार म्हणून बोलावून घेतल्यामुळें डीट्रिखच्या बालपणाचा कांहीं काळ अथेन्स नगरींत गेला. पुढें कोपनहेगन, गटिंगेन व बॉन येथें विद्याभ्यास करून १८४९ सालीं ते बॉनच्या विद्यापीठांत वनस्पतिशास्त्राचे अध्यापक झाले. व्याख्यानें द्यावीं, वनस्पतींचे नमुने गोळा करावे, आणि वडिलांप्रमाणें ग्रंथांच्या सहवासांत आयुष्य घालवावें, असाच सरळ मार्ग त्यांच्यापुढें दिसत होता.

हा मार्ग बदलण्यास एक विवाह कारण झाला. बंगालमधील श्रीरामपूर हें पूर्वीं डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यांत होतें. (नगर जिल्ह्यांतील श्रीरामपूर तें हें नव्हे.) तेथें विल्यम केरी, जोशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड या तिघां मिशनऱ्यांनीं शाळा व छापखाना चालविला होता. केरीसाहेबांचें मराठी भाषेचें व्याकरण १८०५ सालीं याच श्रीरामपुरास छापलें गेलें, म्हणून आम्हां मराठी भाषिकांस त्या गांवाचें नांव परकें नाहीं. केरी यांस झाडांचें विलक्षण वेड असे व त्यांनीं तेथें मोठा बाग लाविला होता. मार्शमन यांची कन्या रेचल हिचे प्रथम पति डॉ. व्हॉइग्ट हे श्रीरामपूरचे डॅनिश शस्त्रवैद्य होते, आणि केरींच्या बागेंतील व कलकत्त्याच्या सरकारी बागेंतील वनस्पतींची मोठी यादी त्यांनींच तयार केली होती. ते वारल्यावर काहीं वर्षांनीं, १८५४ सालीं, रेचल यांचा ब्रँडिस यांच्याशीं विवाह झाला. रेचल यांची बहीण सेनापति हेन्री हॅवलॉक यांस दिलेली होती. हॅवलॉक यांनीं आपल्या या नव्या आप्ताचें नांव गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांच्या कानांवर घातलें. आणि जानेवारी १८५६ मध्यें, वयाच्या बत्तिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, बॉनचे अध्यापक ब्रह्मदेशांतील पेगू प्रांताच्या सागवानी जंगलांचे सुपरिंटेंडेंट होऊन आले.

पेगू प्रांत १८५२ च्या युद्धांत इंग्रजांच्या हातीं आला होता. सागवानाची त्या काळीं केवढी मातब्बरी होती, याची कल्पना मुंबईच्या गोदीवरून येईल. वाडिया घराण्यांतील कुशल कारागिरांनीं तेथें १८१७ सालीं सागवानाचें बांधलेलें ट्रिंकोमाली हें लढाऊ जहाज आजहि इंग्लंडांतील हार्टलपूल बंदरांत पाण्यावर उभें आहे. असें लांकूड म्हणजे सोनेंच. परंतु तें सोनें उधळून टाकण्याचा अनुभव ब्रह्मदेशांतच आलेला होता. मोलमीनच्या मागें अटरान नदीच्या खोऱ्यांतील जंगलें १८२९ पासून परवाने देऊन व्यापाऱ्यांस मोकळीं केलीं होतीं. तेव्हां प्रत्येकानें हातीं लागेल तें झाड तोडलें, नवीन झाड कोणीं लाविलें नाहीं, आणि थोड्याच वर्षांत तीं जंगलें निकामी झालीं. पेगूचीहि तीच गत होऊं नये, या हेतूनें डलहौसी यांनीं ऑगस्ट १८५५ मध्यें जंगलांसंबंधीं सरकारचें धोरण ठरविलें व तेथील साग ही सरकारची मालमत्ता ठरली.

नेमणूक तर झाली. पण आरंभ कोठून करावा? जंगल हजारों चौरस मैल पसरलेलें. नकाशे नाहींत, रस्ते नाहींत. किती झाडें आहेत, त्यांतील पक्व किती, कोंवळीं किती, याचा कोणासहि पत्ता नाहीं. ज्याच्या पेढीवर शिल्लक किती हेंच ठाऊक नाहीं, त्यानें खर्चास मंजुरी कशी द्यावी? म्हणून ब्रँडिस यांनीं प्रथम मोजणी करण्याचें ठरविलें. सबंध जंगल मोजणें अशक्य होतें. तेव्हां त्यांनीं जंगलांतून आडव्या वाटा धरल्या व त्या वाटेच्या दोहों बाजूंस ठराविक अंतरांत जितके साग दिसतील तितके मोजण्याचा क्रम ठेविला. ते हत्तीवर बसून निघत. डाव्या हातांत बांबूच्या कांबी व उजव्या हातांत चाकू असे. बुंध्याच्या घेरावरून झाडांचे चार वर्ग पाडलेले होते. सहा फूट किंवा अधिक घेराचें झाड पहिल्या वर्गाचें. त्याहून लहान तें दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या वर्गांत. झाड दिसलें कीं त्या वर्गाच्या कांबीवर एक खांच पाडावयाची. शाई पावसानें पुसली जाते, कागद ओला होतो. बांबूवरील खांच मात्र कायम राहते. तापानें अंग फणफणत असतां, पावसांत व चिखलांत, या गृहस्थांनीं अशा सहस्रावधि खांचा पाडल्या. त्यांच्या पुढच्या सर्व कर्तृत्वाचा पाया त्या बांबूच्या कांबींवर रचलेला आहे.

या मोजणीवरून काढलेला सिद्धांत समजण्यास आमच्या इयत्ता सातवीच्या मुलांस येणारें त्रैराशिक पुरे आहे. समजा, एका जंगलांत पहिल्या वर्गाचीं दोन हजार व दुसऱ्या वर्गाचीं दोन हजार झाडें आहेत, आणि दुसऱ्या वर्गांतील झाडास वाढून पहिल्या वर्गांत येण्यास वीस वर्षें लागतात. तर दरवर्षीं पहिल्या वर्गाचीं शंभरच झाडें तोडावीं. म्हणजे वीस वर्षांनीं तोडलेल्या दोन हजारांच्या जागीं नवीं दोन हजार तयार असतील. (हे आंकडे आम्ही केवळ उदाहरणासाठीं घेतले आहेत.) मुद्दलास हात न लावतां व्याजावर निर्वाह करावा, हा जो नियम शहाणा कुटुंबप्रमुख घरांत पाळतो, तोच ब्रँडिस यांनीं जंगलास लाविला. यूरोपांतील वनशास्त्रास हा नियम पूर्वीं ठाऊक होता. पण ज्या उष्ण देशांतील जंगलांत शेंकडों जातींचीं झाडें मिसळून उगवतात तेथें तो कसा लावावा, हें त्यांनीं आपल्या अनुभवानें शोधून काढलें.

सागाचा धंदा त्या वेळीं कसा चाले, हेंहि सांगितलें पाहिजे. ओला साग पाण्यांत बुडतो. म्हणून तोडण्यापूर्वीं दोनतीन वर्षें झाडाच्या बुंध्याभोंवतीं साल व तिच्याखालचें ओलें लांकूड कड्यासारखें खोल कापून काढीत. मग झाड उभ्याउभ्यांच वाळे. नंतर तें पाडून त्याचे ओंडके करीत. हत्ती ते ओंडके ओढून ओढ्याच्या पात्रांत नेऊन ठेवीत. पावसाळ्यांत पूर आला म्हणजे ओंडके वाहत मोठ्या नदीस मिळत, तेथें त्यांचे तराफे बांधले जात, आणि तराफे रंगूनच्या बंदरास जात. जंगलांतून बंदरापर्यंत येण्यास ओंडक्यास कित्येक पावसाळे लागत. या सर्व कामांत नाजूक काम म्हणजे कोणतें झाड कापावयाचें तें निवडण्याचें. मक्तेदारांस तें सोंपविलें तर ते ओढ्याजवळचीं, सोईचीं झाडें घेणार व दूरचीं टाकणार, हें ओळखून ब्रँडिस यांनीं निवडीचा अधिकार सरकारी खात्याच्या हातीं ठेविला. रंगून व मोलमीन येथील व्यापाऱ्यांस हें रुचलें नाहीं. जंगलें मोकळीं करावीं म्हणून त्यांनीं वरपर्यंत खटपट केली. ब्रँडिस यांस पुष्कळ विरोध सोसावा लागला. परंतु त्यांच्यापाशीं मोजलेले आंकडे होते व विरोधकांपाशीं नव्हते. शिवाय जंगल राखूनहि सरकारच्या तिजोरींत शिल्लक पडते, हें त्यांनीं हिशेबानें दाखवून दिलें.

व्यापाऱ्यांहून अवघड प्रश्न होता तो डोंगरांतील कारेन लोकांचा. हे लोक जंगलाचा तुकडा तोडून जाळीत, त्या राखेंत एकदोन वर्षें भात पेरीत, व जमिनीचा कस गेला कीं दुसरीकडे जात. आपल्याकडे कानडा जिल्ह्यांत जिला कुमरी म्हणत, तशीच ही शेती. सरकारी अधिकाऱ्यांच्या दृष्टीनें ती जंगलाचा नाश करणारी असल्यामुळें तिच्यावर सरसकट बंदी घालणें हा सोपा उपाय होता. ब्रँडिस यांनीं निराळा मार्ग धरिला. कारेन लोकांनीं आपल्या शेतांत भाताबरोबर सागाचेंहि बीं लावावें, आणि शेत सोडून जातांना जीं रोपें जगलीं असतील त्यांबद्दल सरकारनें त्यांस पैसे द्यावे, असा करार त्यांनीं सुरू केला. शेतकऱ्यास पीक मिळालें व सरकारास जंगल मिळालें. ही पद्धत टाँग्या या ब्रह्मी नांवानें पुढें पुष्कळ उष्ण देशांत पसरली. पुढें कित्येक ठिकाणीं तिचा उपयोग गरिबांस थोडक्या मजुरींत राबविण्याकडे झाला, हेंहि खरें. तथापि ज्यास इतर लोक जंगलाचा शत्रु म्हणत त्यासच जंगल लावणारा करावा, ही मूळ कल्पना उदार होती.

इकडे हिंदुस्थानांत लोहमार्गांचा विस्तार झपाट्यानें होत होता. मुंबई ते ठाणें ही पहिली आगगाडी १८५३ सालीं धांवली, आणि नंतरच्या दहा वर्षांत रुळांखालीं घालावयाच्या स्लीपरांकरितां साग, साल व देवदार यांचीं उत्तम जंगलें पडूं लागलीं. जंगल राखण्याचे प्रयत्न पूर्वीं झाले नव्हते असें नाहीं. मुंबई इलाख्यांत डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे पुण्याजवळच्या दापुरी येथील सरकारी बागेचे प्रमुख असतां १८४७ सालीं जंगलांचे कंझर्वेटर नेमले गेले होते. मलबारांत निलंबूर येथें कलेक्टर कॉनली यांच्या हुकुमावरून चाथू मेनन यांनीं १८४२ नंतरच्या वर्षांत सागाची मोठी लागवड केली होती. परंतु सर्व देशाचा एकत्र विचार करणारें खातें नव्हतें. तें उभारण्याकरितां सरकारनें ब्रँडिस यांस ब्रह्मदेशांतून बोलावून घेतलें. याच सुमारास, १८६३ सालीं, त्यांच्या पत्नी रेचल या निवर्तल्या. दुःख बाजूस ठेवून त्यांनीं काम चालूं ठेविलें आणि १८६४ सालीं ते हिंदुस्थान सरकारच्या जंगलखात्याचे पहिले इन्स्पेक्टर जनरल झाले.

यानंतरचीं जवळजवळ वीस वर्षें त्यांनीं प्रवासांत व लेखनांत घालविलीं. हिमालयाच्या देवदारांपासून मद्रास इलाख्यांतील झुडपी रानांपर्यंत प्रत्येक प्रांतांत जाऊन, स्वतः पाहून, अहवाल लिहावा, अशी त्यांची रीत होती. माणसें तयार केल्यावांचून खातें टिकणार नाहीं हें जाणून त्यांनीं जर्मनींतून श्लिख व रिबेनट्रॉप हे दोन तरुण वनशास्त्रज्ञ आणविले. तेच पुढें क्रमानें त्यांच्या जागेवर आले. इंग्रज तरुणांस फ्रान्स व जर्मनींतील वनविद्यालयांत पाठविण्याची व्यवस्था झाली. आणि हिंदी तरुणांस या देशांतच हें शास्त्र शिकतां यावें म्हणून १८७८ सालीं डेहराडून येथें वनविद्यालय निघालें. या सर्व धांवपळींत, डॉ. स्टुअर्ट यांनीं आरंभून अपुरा ठेविलेला वायव्य व मध्य हिंदुस्थानांतील वृक्षांवरील ग्रंथ त्यांनीं १८७४ सालीं पुरा केला.

आतां आम्ही या चरित्रांतील सर्वांत महत्त्वाच्या व सर्वांत खेदकारक भागाकडे येतों. जंगल राखावयाचें तें कोणासाठीं व कोणाच्या मदतीनें, या प्रश्नावर १८७८ च्या जंगल कायद्यापूर्वीं कांहीं वर्षें मोठा वाद झाला. पंजाबांतील एक वजनदार अधिकारी बी. एच. बेडन-पॉवेल (बालवीर चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांचे हे सावत्र बंधु) यांचें मत असें कीं, पडीक व रानटी जमीन पूर्वापार राज्यकर्त्याची. लोक तेथें गुरें चारतात व सरपण आणतात तें केवळ राज्यकर्त्यांच्या सवलतीनें, हक्कानें नव्हे. मद्रास सरकारचें म्हणणें याच्या अगदीं उलट होतें: गांवकऱ्यांचे वहिवाटीचे हक्क खरे असून ते हिरावून घेऊं नयेत. ब्रँडिस यांनीं मधला मार्ग सुचविला. मोलाचीं मोठीं जंगलें सरकारनें राखावींत. परंतु प्रत्येक गांवास त्याचें स्वतःचें जंगल तोडून द्यावें, त्याची व्यवस्था गांवकऱ्यांनीं पाहावी, व सरपण, चारा, औतांचें लांकूड त्यांस तेथून मिळावें. जर्मनी व फ्रान्समध्यें गांवांचीं अशीं जंगलें शतकानुशतकें उत्तम स्थितींत असलेलीं त्यांनीं पाहिलीं होतीं. हिंदी लोकांस वृक्षसंरक्षण ठाऊक नाहीं असें म्हणणाऱ्यांस ते कोडगूंतील देवरायांचा व राजपुतान्यांतील राखलेल्या वनांचा दाखला देत. आपल्या कोंकणांत व मावळांत ज्यांनीं देवराई पाहिली आहे, त्यांस या दाखल्याचें मर्म सहज कळेल.

कायदा झाला तो मुख्यतः पहिल्या मताकडे झुकणारा. गांवच्या जंगलांचें एक प्रकरण त्यांत घातलें गेलें, पण तें बहुतेक कागदावरच राहिलें. त्याचे परिणाम आमच्या महाराष्ट्रानें भोगले. ज्या १८८३ सालीं ब्रँडिस निवृत्त होऊन स्वदेशीं गेले, त्याच वर्षीं महात्मा जोतीराव फुले यांनीं शेतकऱ्याचा असूड हा ग्रंथ लिहून पुरा केला; आणि डोंगर व गायरानें जंगलखात्यानें गिळल्यामुळें गरीब शेतकऱ्याच्या गुरांस चरण्यास जागा उरली नाहीं, असें गाऱ्हाणें त्यांत जळजळीत शब्दांत मांडलें. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत भाताच्या रोपांसाठीं राब भाजण्यास लागणाऱ्या फांद्यांवर निर्बंध आल्यानें एवढा असंतोष माजला कीं, मुंबई सरकारास १८८५ सालीं चौकशीकरितां कमिशन नेमावें लागलें. जोतीरावांचा राग ज्या खात्यावर होता, त्याचे संस्थापक ब्रँडिसच. आणि त्या रागाचें कारण दूर करण्याचा उपाय सुचविणारेहि ब्रँडिसच. खात्यानें त्यांची मोजणी उचलली, पण त्यांची वांटणी सोडून दिली. यांत त्यांच्याकडे मुळींच दोष नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. कायद्याचा पाया घालण्यांत त्यांचाहि हात होता, आणि ज्यांच्या हातीं आपण सत्ता देतों ते ती आपल्या हेतूनेंच वापरतील असें नाहीं, हें त्यांच्या लक्षांत पुरेसें आलें नसावें.

निवृत्तीनंतर त्यांनीं विश्रांति घेतली नाहीं. बॉन येथें राहून त्यांनीं वनशास्त्र शिकणाऱ्या तरुणांस मार्गदर्शन केलें. अमेरिकेच्या वनखात्याचे पहिले प्रमुख गिफर्ड पिंशो हे तरुणपणीं त्यांच्याकडेच सल्ला मागण्यास आले होते. अमेरिकेंत बिल्टमोर येथें वनविद्यालय काढणारे कार्ल शेंक यांची शिफारसहि त्यांनींच केली. याप्रमाणें ब्रह्मदेशांत हत्तीवर बसून शिकलेला धडा पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकास पोंचला. १८८७ सालीं त्यांस सर हा किताब मिळाला. उतारवयांत त्यांनीं हिंदुस्थानांतील सर्व वृक्षांचा एक ग्रंथ लिहिण्याचें मनांत घेतलें, आणि तो १९०६ सालीं, वयाच्या ब्यायशींव्या वर्षीं, प्रसिद्ध केला. पुढील वर्षीं, मे १९०७ मध्यें, जन्मगांवीं बॉन येथें त्यांचा अंत झाला.

त्यांच्या शास्त्रांतील सर्वच गोष्टी काळाच्या कसोटीस उतरल्या असें नाहीं. जंगलांत वणवा मुळींच शिरूं देऊं नये, असा त्या पिढीतील वनाधिकाऱ्यांचा आग्रह होता. परंतु हलका वणवा बांबूचें रान मोकळें करून सागाच्या रोपास प्रकाश देतो, असा अनुभव ब्रह्मदेशांतच आल्यावर विसाव्या शतकाच्या आरंभीं तो आग्रह सैल करावा लागला. एकाच जातीच्या झाडांचीं बनें लावण्याचे तोटेहि आतां सर्वांस कळले आहेत. पण जितकें वाढतें तितकेंच घ्यावें, हा नियम अबाधित आहे. आणि गांवास त्याचें जंगल द्यावें, हें नाकारलेलें म्हणणेंहि अखेर कायद्यांत आलें. वनहक्कांचा कायदा २००६ सालीं झाला, व गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या गोंड गांवास २००९ सालीं सामूहिक वनहक्क मिळाला. तेव्हां ब्रँडिस यांस जाऊन एक शतक लोटलें होतें.

विद्यार्थिमित्रहो, या चरित्रांतून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. कोणत्याहि कामांत मत देण्यापूर्वीं मोजावें. ज्याच्या कांबीवर खांचा आहेत त्याच्यापुढें नुसत्या बोलण्याचें कांहीं चालत नाहीं. आणि जें राखावयाचें तें शेजाऱ्यास वांटा देऊन राखावें. शेजारी उपाशी असतां घातलेलें कुंपण फार दिवस टिकत नाहीं. पालकांसहि आमची एवढीच विनंति आहे कीं, मुलांस झाडांचीं नांवें सांगावींत, बुंध्यास दोरी लावून घेर मोजावयास शिकवावें, आणि दरवर्षीं तो किती वाढला तें वहींत टिपून ठेवण्यास लावावें.